झेंड्याची कप्पी आणि पालकांचं मत: पश्चिम सिडनीतल्या एका सरकारी शाळेचं २००४ साल

हे प्रकरण एका शाळेच्या पालक समितीचं आहे. शाळा पश्चिम सिडनीतली, सरकारी, प्राथमिक. शाळेचं नाव दिलेलं नाही, समितीतल्या माणसांचीही नावं नाहीत, आणि ओळख पटेल अशा एक-दोन खुणा बदलल्या आहेत. पुढाऱ्यांची नावं मात्र खरी आहेत; त्यांच्याशिवाय गोष्टच उभी राहत नाही. मी त्या वर्षी समितीचा चिटणीस होतो. म्हणजे इतिवृत्त लिहायचं, पत्रं टाइप करायची आणि सभेला बिस्किटं आणायची.

पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात सरकारी शाळा चालवतात राज्यं. शिक्षक त्यांचे, इमारती त्यांच्या. केंद्र सरकार शाळांवर जो खर्च करतं त्यातला मोठा वाटा मात्र खासगी शाळांना जातो, आणि खासगी म्हणजे नुसत्या श्रीमंतांच्या नव्हेत. त्यात कॅथलिक शाळांचं मोठं जाळं येतं, छोट्या ख्रिस्ती शाळा येतात, मुस्लिम आणि ज्यू शाळा येतात. २००४ साली साधारण दोन तृतीयांश मुलं सरकारी शाळांत होती आणि हे प्रमाण हळूहळू खाली चाललं होतं. २००१ पासून खासगी शाळांचं अनुदान ठरायचं ते 'एसईएस' पद्धतीने: शाळेच्या तिजोरीत किती आहे हे बघायचं नाही, मुलं ज्या वस्त्यांत राहतात तिथल्या लोकांचं उत्पन्न, शिक्षण आणि व्यवसाय जनगणनेवरून काढायचे आणि त्यावर अनुदान द्यायचं. आमच्यासारख्या मध्यम-कनिष्ठ वस्तीत याचा अर्थ सरळ होता. कमी फीच्या शाळा आजूबाजूला उभ्या राहत होत्या आणि आमच्या वर्गांतली दोन-दोन, तीन-तीन मुलं दर वर्षी तिकडे जात होती.

राजकारणात तेव्हा मजा होती. नावाने लिबरल पण विचाराने उजव्या पक्षाचे जॉन हॉवर्ड मार्च १९९६ पासून पंतप्रधान होते आणि तीन निवडणुका जिंकून बसले होते. समोर लेबर पक्षाने २ डिसेंबर २००३ रोजी नवा नेता निवडला, मार्क लेथम. किम बीझलींवर ४७ विरुद्ध ४५ अशी दोन मतांची सरशी. वय ४२. सिडनीच्या नैऋत्य उपनगरांतला, गरिबांसाठीच्या सरकारी वसाहतीत वाढलेला, तोंडाचा फटकळ. आणि हा गडी मूल्यांचीच भाषा बोलत होता! लहान मुलांना रोज रात्री पुस्तक वाचून दाखवा, बाप नसलेल्या मुलग्यांना कोणीतरी मोठा माणूस हवा, कष्ट करणाऱ्याला संधीची शिडी मिळाली पाहिजे. लेबरचा पुढारी करवाढीऐवजी झोपताना गोष्ट वाचण्यावर बोलतोय, हे लोकांना आवडत होतं. २००४ च्या सुरुवातीच्या महिन्यांत जनमत चाचण्यांत लेबर पुढे होता.

जानेवारी २००४ मध्ये, शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असताना, हॉवर्ड एका मुलाखतीत म्हणाले की पालक खासगी शाळांकडे वळताहेत त्यात मूल्यांचा भाग आहे. सरकारी शाळा नको तितक्या 'पोलिटिकली करेक्ट' आणि मूल्यांबाबत तटस्थ झाल्या आहेत असं पालकांना वाटतं. त्या वेळी सगळ्या राज्यांत आणि प्रदेशांत लेबरची सरकारं होती. म्हणजे शाळांना मारलेला टोमणा आपोआप लेबरला लागत होता. स्वतः हॉवर्ड सरकारी शाळेत शिकलेले, कँटरबरी बॉइज हायस्कूलचे. लेथमही सरकारी शाळेचेच. दोघांची मूल्यं कुठून आली, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

अडचण

फेब्रुवारीची पहिली सभा. एरवी आठ माणसं जमली तर गणपती पावला म्हणायचं, त्या दिवशी तीसच्या वर आली. ग्रंथालयातल्या मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन सगळे बसलेले. शिक्षक दुखावले होते, आणि का दुखावू नयेत? आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा 'स्क्रिप्चर'चा तास असायचा, ज्या त्या धर्माचे स्वयंसेवक येऊन शिकवायचे, आमच्या मुलांना हिंदू वर्गही होता. एप्रिलमध्ये अँझॅक दिनाला, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाला, बिगुल वाजायचा. मार्चमध्ये हार्मनी डेला, म्हणजे नाना संस्कृतींच्या दिवसाला, सगळे नारिंगी कपडे घालून यायचे. तटस्थ म्हणायला जागा कुठे होती?

पण खोलीत एकमत नव्हतं, आणि हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आम्ही भारतातून आलेले पाच-सहा पालक होतो, त्यातली तीन घरं मराठी. आम्हाला हॉवर्डांच्या बोलण्यात फारसं वावगं वाटलं नव्हतं. 'भारत माझा देश आहे' ही प्रतिज्ञा पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर वाचत मोठी झालेली माणसं आम्ही. शाळेने मूल्यं शिकवावीत यात कोणाला काय अडचण असावी, हेच कळेना. एक मराठी बाई मला हळूच म्हणाल्या, "अहो, बरोबरच बोलतोय तो म्हातारा. इथे मुलं बाईंना नावाने हाक मारतात." शेजारी बसलेले समितीचे खजिनदार लेबनॉनमधून आलेले, धंद्याने प्लंबर. त्यांनी ते ऐकलं नाही, पण त्यांचंही मत वेगळं नव्हतं. चिडल्या होत्या त्या अध्यक्षीणबाई, इथेच चार पिढ्या काढलेल्या, आणि मुख्याध्यापिका, ज्या राज्य सरकारच्या नोकर असल्यामुळे सभेत तोंड उघडू शकत नव्हत्या आणि गप्प बसवतही नव्हतं.

म्हणजे अडचण दुहेरी होती. बाहेर देशाचा पंतप्रधान पालकांच्या नावाने बोलत होता, आणि आत पालकांचं एक मत काय आहे हे पालकांनाच ठाऊक नव्हतं.

समोरचे पर्याय

इतिवृत्तात मी चार पर्याय लिहिलेले आहेत. शिक्षक संघटनेबरोबर उघड विरोधात उतरायचं आणि शाळेच्या कुंपणावर फलक लावायचा. स्थानिक साप्ताहिकाला पत्र लिहायचं. दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना शाळेत बोलवायचं. किंवा काहीच करायचं नाही. चार दिवसांत पेपर दुसऱ्या विषयाकडे वळेल.

पाचवा एक पर्याय होता. सभेच्या शेवटी, बिस्किटांचा डबा बंद होत असताना, खजिनदारांनी तो बोलून दाखवला: "जी घरं सोडून गेली, त्यांना विचारूया की का गेलात." अध्यक्षीणबाई म्हणाल्या, ते बरं दिसणार नाही, घरी फोन करून हिशोब मागितल्यासारखं होईल. मान डोलावणाऱ्यांत मीही होतो. इतिवृत्तात हा पर्याय नाही. मी लिहिलाच नाही.

काय केलं: पत्र

ठरलं पत्राचं. मसुदा मी केला. माझ्या इंग्रजीचा मला तेव्हा फार अभिमान होता. मी शाळेच्या मूल्यांची यादी केली: आदर, जबाबदारी, प्रामाणिकपणा, सहकार्य, असं करत नऊ मुद्दे. प्रत्येकापुढे एकेक उदाहरण. पत्र छापून आलं, अर्धं कापून.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी एक बाप भेटला. त्याचा मोठा मुलगा आमच्याकडून कॅथलिक शाळेत गेलेला, धाकटी अजून आमच्याकडे. तो हसत म्हणाला, "चोर नाही म्हणून सांगायला नऊ कारणं लागली तुम्हाला?" मला राग आला. घरी येऊन पत्र पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की तो म्हणतो ते खरं आहे. आरोप ज्याने केला त्याच्याच शब्दांत मी उत्तर देत बसलो होतो. मूल्यं आहेत, आहेत, आहेत!

गंमत अशी की पुढे सगळेच याद्या काढायला लागले. न्यू साउथ वेल्सच्या शिक्षण खात्याने २००४ मध्ये सरकारी शाळांची मूल्यं म्हणून नऊ शब्द जाहीर केले. केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी मूल्यशिक्षणाची चौकट आणली, त्यातही नऊ. आदर, जबाबदारी, सचोटी, दुसऱ्याची काळजी हे दोन्हीकडे आहेत. एक यादी लेबर सरकारची, दुसरी लिबरल सरकारची. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि वरची नावं झाकली तर कोणती कोणाची हे सांगणं कठीण. 'फेअर गो', म्हणजे सगळ्यांना सारखी संधी, या अस्सल ऑस्ट्रेलियन शब्दावरून कोणी ओळखायला गेलं तर तेही फसेल. तो मजुरांच्या चळवळीचा वाटणारा शब्द हॉवर्ड सरकारच्या यादीत आहे.

काय केलं: झेंडा

जूनमध्ये खरी परीक्षा झाली. हॉवर्ड आणि त्यांचे शिक्षणमंत्री ब्रेंडन नेल्सन यांनी पुढच्या चार वर्षांसाठी शाळांना ३१ अब्ज डॉलर जाहीर केले, आणि त्याला अटी जोडल्या. चालू स्थितीतला झेंड्याचा खांब हवा आणि त्यावर राष्ट्रध्वज फडकला पाहिजे. आठवड्याला किमान दोन तास व्यायाम. पालकांना कळेल अशा साध्या भाषेत प्रगतिपुस्तक. मूल्यांची चौकट दर्शनी भागात लावलेली.

आमच्याकडे खांब होता. बहुतेक शाळांत होताच. फक्त वरची कप्पी गंजून अडकली होती आणि दोरी निम्म्यावर लोंबत होती. अँझॅक दिनाला झेंडा शिडी लावून अर्ध्यावर बांधत, आणि अर्ध्यावरचा झेंडा शोकाचा म्हणून ते खपूनही जायचं.

या कप्पीवरून समिती फुटायच्या बेताला आली. अध्यक्षीणबाईंचं म्हणणं, आता दुरुस्त केली तर अटीपुढे मान तुकवली असं होईल. नोव्हेंबरपर्यंत थांबू, निवडणूक होऊन जाऊ दे. दुसरे म्हणाले, झेंडा काय हॉवर्डच्या बापाचा आहे का? यात आम्ही भारतीय पालक पुन्हा वेगळ्याच टोकाला. आमच्यासाठी झेंडावंदन म्हणजे पंधरा ऑगस्टची सकाळ, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि नंतर मिळणारा लाडू. त्यात कोणता पक्ष असतो हे आमच्या डोक्यात शिरत नव्हतं.

तिढा सुटला तो एका पाहुण्यामुळे. एका मराठी घरी मुलीकडे आलेले आजोबा होते, सातारा जिल्ह्यातल्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचो. नातवाला सोडायला रोज यायचे, खांबाकडे बघून रोज जीव जळायचा. एका शनिवारी ते आणि आमचे प्लंबर खजिनदार, एकाला धड इंग्रजी नाही आणि दुसऱ्याचं इंग्रजी अरबी वळणाचं, असे दोघं शिडी घेऊन भिडले. कप्पीला ग्रीस मारलं, कुजकी दोरी काढून नायलॉनची ओवली. गुरुजींनी खाली उभं राहून गाठ दाखवली: खालचं टोक ओढलं की झेंडा उलगडेल अशी. मग मला विचारलं, "फुलं कुठं आहेत? पाकळ्या नको का आत?" मी म्हटलं, इथे तशी पद्धत नाही, इथे झेंडा उघडाच वर चढवतात. "मग तो उलगडताना बघायचं काय?" त्यांना ते काही पटलं नाही.

सोमवारी झेंडा वर होता. ठराव झाला नव्हता, खर्च खजिनदारांनी खिशातून केला होता, आणि अध्यक्षीणबाईंनी दोन आठवडे माझ्याशी अबोला धरला. मला अजूनही वाटतं, तो निर्णय ठरावाने झाला असता तर समिती तुटली असती. दोन माणसांनी शनिवारी गुपचूप केला म्हणून निभावला. लोकशाहीचे पाठ देणाऱ्यांना हे आवडणार नाही, पण झालं ते असं.

काय केलं: फोन

त्याच महिन्यात, म्हणजे चार महिने उशिरा, खजिनदारांचा फेब्रुवारीतला मुद्दा पुन्हा निघाला. आता कोणी नको म्हटलं नाही. शाळा सोडून गेलेल्या डझनभर घरांचे नंबर होते. आम्ही तिघांनी वाटून घेतले. मी माझ्या वाट्याचे फोन संध्याकाळी स्वयंपाकघरातून केले, वहीत नोंद घेत.

उत्तरांनी आमची तोंडं बंद झाली. मुलांच्या शौचालयांचा वास. मुलगी दिवसभर जातच नाही, घरी येईपर्यंत थांबते. शाळेआधी आणि नंतर मुलं सांभाळायची सोय नाही. दोघं नोकरीला, सहाला घरी येतात. पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गखोल्या, फेब्रुवारीत भट्टी. एका वर्षात वर्गाला तीन शिक्षक बदलले. मूल्यं हा शब्द दोघांनीच उच्चारला. त्यातल्या एका घराला खरोखर बायबल शिकवणारी शाळा हवी होती, आणि ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या बाईंना मी विचारलं, म्हणजे नेमकं काय? त्या म्हणाल्या, "बसच्या रांगेत मोठी मुलं शिव्या देतात. कोणी बघत नाही." म्हणजे त्यांची मूल्यं म्हणजे पावणेतीन ते सव्वातीन फाटकाशी एक मोठं माणूस.

हॉवर्ड अगदीच खोटं बोलत नव्हते, हेही मान्य करायला हवं. पालकांना काहीतरी वाटत होतं. ते 'मूल्यं' या एका पिशवीत कोंबलं की शौचालयापासून बायबलपर्यंत सगळं मावतं, आणि पिशवी ज्याच्या हातात, मतं त्याची.

सप्टेंबर: लेबरचं उत्तर

हॉवर्डांनी २९ ऑगस्टला निवडणूक जाहीर केली, ९ ऑक्टोबरची. जाहीर करतानाच त्यांनी प्रश्न भरोशाचा केला: अर्थव्यवस्था सांभाळायला, व्याजदर खाली ठेवायला तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल? आमच्या भागात घरोघर गृहकर्ज. हा प्रश्न कुठे लागतो ते त्यांना ठाऊक होतं.

लेथम यांनी १४ सप्टेंबरला शाळांचं धोरण मांडलं. सरकारी शाळांना जास्त पैसा, गरीब खासगी शाळांनाही जास्त, आणि त्यातला काही भाग उभा करायला ६७ श्रीमंत शाळांचं अनुदान कापायचं, आणखी १११ शाळांचं गोठवायचं. कागदावर आमचा फायदाच होता. पण त्या संध्याकाळी बातम्यांत दिसल्या त्या हिरव्या क्रीडांगणांच्या शाळा आणि एक शब्द: 'हिट लिस्ट'. आमच्या पत्र्याच्या खोल्या कोणी दाखवल्या नाहीत. जानेवारीत चर्चा सरकारी शाळांची चालली होती, निदान आम्ही तिच्यात होतो. सप्टेंबरमध्ये लेबरने स्वतःच्या हाताने ती खासगी शाळांवर नेऊन ठेवली.

कॅथलिक शिक्षण मंडळींनी आधी धोरणाचं स्वागत केलं होतं, कारण त्यांच्या गरीब शाळांना लाभ होता. तरी महिनाअखेर सिडनी आणि मेलबर्नच्या कॅथलिक व अँग्लिकन आर्चबिशपांनी मिळून त्यावर टीकेचं निवेदन काढलं. फाटकाशी भेटणारा तो बाप, एक पोर इकडे आणि एक तिकडे, मला म्हणाला, "माझ्या मुलाची शाळा यादीत नाही. पण यादी आहे म्हटल्यावर पुढच्या वर्षी असेल." त्याची शाळा यादीत यायची काहीच शक्यता नव्हती. हे मी त्याला आकड्यांनी समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

शिक्षक संघटनेची पत्रकं शाळेच्या सूचनाफलकावर लावायची का, हा प्रश्न समितीपुढे आला. या वेळी मतदान घेतलं. नाही म्हणणारे थोड्या फरकाने जिंकले. मी नाहीच्या बाजूने होतो, आजही असेन.

याच प्रचारात हॉवर्डांनी आणखी एक पान टाकलं: शाळांच्या बांधकामासाठी एक अब्ज डॉलर, त्यातले ७० कोटी सरकारी शाळांना, आणि अर्ज थेट शाळेच्या समाजाने करायचा, राज्य सरकारला बगल देऊन. शाळेमागे दीड लाखापर्यंत. खजिनदारांनी मला रात्री साडेदहाला फोन केला. "शौचालयं," एवढंच म्हणाले.

मतदानाचा दिवस

इथे मतदान शनिवारी होतं, ते सक्तीचं असतं, आणि केंद्र म्हणजे बहुतेक वेळा शाळाच. पालक समितीची वर्षाची कमाई त्या दिवशी होते: पावात सॉसेज आणि कांदा, घरी केलेले केक. त्या वर्षी आम्ही तीन मराठी घरांनी बटाटेवड्यांचं टेबल लावलं. पहाटे पाचला उठून बटाटे उकडले. पहिला तास कोणी फिरकेना, मग लिबरलची पत्रकं वाटणारा एक जाडजूड माणूस आला, एक खाल्ला, चार बांधून घेतले आणि आपल्या रांगेतल्या प्रत्येकाला सांगत सुटला. अकरापर्यंत कढई रिकामी. लेबरचे कार्यकर्ते उशिरा आले, त्यांना चटणीच मिळाली.

आमचे पालक दोन मतदारसंघांत विभागलेले होते, पॅरामॅटा आणि ग्रीनवे. ग्रीनवेत लेबरचे उमेदवार एड ह्युसिक, बोस्नियन मुस्लिम आईबापांचा मुलगा. निवडणुकीच्या तोंडावर त्यांच्या नावाने एक खोटं पत्रक पेट्यांत पडलं, ते इस्लामसाठी लढणार आहेत असं सांगणारं. आमच्या समितीतल्या एका मुस्लिम आईने ते मला दाखवलं. घडी करून पर्समध्ये ठेवलेलं. वर्षभर मूल्यांवर बोलून झाल्यावर ते हातात घेणं मला जड गेलं.

निकाल

हॉवर्डांच्या लिबरल-नॅशनल आघाडीला १५० पैकी ८७ जागा, लेबरला ६०. हॉवर्डांचा चौथा विजय, आणि आधीपेक्षा मोठं बहुमत. जुलै २००५ पासून सेनेटही त्यांच्या हातात. १९८४ पासून लेबरकडे असलेलं ग्रीनवे लिबरलकडे गेलं.

शेजारच्या पॅरामॅटात उलटं घडलं. तिथले लिबरल खासदार रॉस कॅमेरन कुटुंबमूल्यांचा पुरस्कार करणारे म्हणून ओळखले जात. त्यांनी ऑगस्टमध्ये आपल्या विवाहबाह्य संबंधाची मुलाखतीत कबुली दिली होती. देशभर लिबरल वाढत असताना ते हरले. रस्त्याच्या एका बाजूला लेबर गेला, दुसऱ्या बाजूला आला. यावरून मूल्यांनी निवडणूक फिरवली असं कोणी म्हणेल, मी म्हणणार नाही. देशभराच्या निकालात व्याजदराचं वजन जास्त होतं. शाळांच्या यादीने लेबरची मतं किती घटवली हे वेगळं काढणं अशक्य, पण प्रचाराचे मोलाचे दिवस तिने खाल्ले हे नक्की.

लेथम यांनी जानेवारी २००५ मध्ये नेतेपद आणि खासदारकी दोन्ही सोडली. बीझली परत आले. पुढे केव्हिन रड नेते झाले तेव्हा लेबरने ती यादीची भाषा पार पुसून टाकली, २००७ ची निवडणूक जिंकली, आणि हॉवर्ड स्वतःची बेनेलाँगची जागाही हरले.

आमचा अर्ज २००५ मध्ये गेला. लिहिला मीच, पण या वेळी त्यात एकही मूल्य नव्हतं; शौचालयांचे फोटो होते आणि फोनवरच्या नोंदी. अध्यक्षीणबाईंनी सही करताना पेन थोडा वेळ हवेत धरला. पैसे मिळाले, मागितले त्याहून कमी. उद्घाटनाला सरकार पक्षाकडून एक सेनेटर आले, नव्या शौचालयांबाहेर पितळी पाटीसमोर उभे राहून मूल्यांवर बोलले. केंद्राची नऊ मूल्यांची भित्तिपत्रिकाही आली, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत जखमींना गाढवावरून नेणाऱ्या सिंप्सन या सैनिकाचं चित्र असलेली. ती हरवलेल्या टोप्यांच्या खोक्यावर लावली, कारण दर्शनी भिंत तेवढीच रिकामी होती.

वेगळं काय करता आलं असतं

फोन फेब्रुवारीत करायला हवे होते. पंतप्रधान म्हणाले 'पालकांना वाटतं', आणि आम्ही, पालकांचीच समिती, त्यांच्याशी वाद घालायला बसलो. पालकांना विचारलं ते जूनमध्ये. ती चार महिन्यांची चूक माझ्याही नावावर आहे, इतिवृत्तातून पर्याय गाळणारा मीच. फोनवरची उत्तरं हातात असती तर साप्ताहिकाला नऊ मुद्द्यांचं पत्र गेलंच नसतं. शौचालयाच्या दाराचा फोटो गेला असता, खाली एक ओळ, आणि राज्यातल्या लेबर सरकारलाही तो तितकाच झोंबला असता. तसं पत्र लिहायचं धैर्य आमच्यात होतं का, हा प्रश्न वेगळा. शौचालयांची जबाबदारी राज्याची होती, आणि खोलीतले निम्मे लोक राज्य सरकारच्या पक्षाचे मतदार.

उमेदवारांना शाळेत बोलवायचा पर्याय आम्ही फार लवकर सोडला. मुख्याध्यापिकांना अडचण होईल म्हणून. पण सभा शाळेबाहेर, शेजारच्या सभागृहात घेता आली असती.

खजिनदारांचं मत माझ्याहून वेगळं आहे. ते म्हणतात, फोन आधी केले असते तरी कोणी ऐकलं नसतं. निवडणूक होती म्हणून अनुदान आलं, आणि हॉवर्ड बोलले म्हणून निवडणुकीत शाळा आली. शौचालयं बांधली ती त्या टोमण्यानेच, असं त्यांचं गणित. मी त्यांना अजून खोडून काढू शकलेलो नाही.

सूचनाफलकाचा निर्णय, शनिवारची कप्पी, ही दोन कामं मी पुन्हा तशीच करीन. गुरुजी त्या डिसेंबरात साताऱ्याला परतले. पुढची दोन-तीन वर्षं मुलीच्या फोनवर मला बोलावून घ्यायचे आणि आधी झेंड्याची चौकशी करायचे. दोरी उन्हाने कडक झाली असेल, बदला म्हणायचे.